ताटावरचा भामटा

“न्हाय. ताटावरनं उठवायचं न्हाय,” गयामावशी म्हणाल्या आणि भाकरीची दुरडी कडेवर घेऊन सरळ कॅमेऱ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

मी व्ह्यूफाइंडरला डोळा लावून बसलो होतो. समोर एकदम सगळं हिरवं दिसायला लागलं. ते मावशींचं लुगडं होतं. मी डोळा काढला.

ओसरीवर दिगंबर ताटासमोर मांडी घालून बसला होता. त्याच्या मागे गावातले चार धट्टेकट्टे गडी उभे होते, त्याच्या बखोटीला धरून त्याला अंगणात ओढायला तयार. त्यांत मावशींचा थोरला मुलगा तुकारामही होता. अंगणात निम्मं गाव. आणि माझ्या शेजारी आमचे डायरेक्टर वाघमारे सर, ‘ॲक्शन’ म्हणायला तोंड उघडलेलं, ते तसंच.

“मावशी, हे खरं नाही. सिनेमा आहे,” सर म्हणाले.

“सिनेमा हाय ते कळतंय की मला. पर ताट खरं हाय, भाकर खरी हाय, घर माझं हाय. ह्या ओसरीवरनं कुणाला जेवता जेवता उठवलं न्हाय आजवर. भामटा असला म्हणून काय झालं?”

आता हा भामटा कोण आणि त्याला का ओढायचं होतं, ते सांगतो.

मी नळदुर्गचा. हायवेला माझा फोटो स्टुडिओ होता. गिऱ्हाईक बहुतेक ट्रक ड्रायव्हर, लायसनला फोटो लागायचा म्हणून येणारे. त्याआधी काही वर्षं मी मुंबईत कॅमेरा असिस्टंट होतो. लोकांच्या लाइटी उचलल्या, ट्रॉल्या ढकलल्या, आणि कंटाळून गावी परत आलो. आमच्या भागात सोळा एमएमचा कॅमेरा चालवता येणारा माणूस मीच, असं कुणीतरी वाघमारे सरांना सांगितलं. सर उस्मानाबादला कॉलेजात शिकवायचे. ते एक दिवस स्टुडिओत आले. मला वाटलं फोटो काढायला आलेत, म्हणून मी त्यांना स्टुलावर बसवून हनुवटी वर करायला लावली. मग कळलं, त्यांना सिनेमा काढायचा होता.

छोटी फिल्म, पंधरा-वीस मिनिटांची. ना प्रोड्यूसर, ना कंपनी. कॉलेजातल्या मित्रांनी मिळून कोरी फिल्म जमवलेली आणि पुण्यातल्या एका दोस्ताकडून कॅमेरा मागून आणलेला. गोष्ट मात्र झकास होती. बहात्तरचा दुष्काळ होऊन काही वर्षं झाली होती, पण उन्हाळा आला की निम्मं गाव अजून रोजगार हमीच्या कामावर जायचं. आणि सगळीकडे सोसायट्यांचं वारं. कुणी दूध सोसायटी काढतोय, कुणी पाणीपुरवठ्याची. अशा एका गावात सफारी घातलेला एक गृहस्थ येतो. हातात मोजायची टेप. म्हणतो, “दूध संघाकडून आलोय. तुमच्या गावात दूध थंड करायचं केंद्र होणार, जागा बघायचीय.” बस, एवढंच. पैसे मागत नाही, काही मागत नाही. ज्याच्या घरी जेवायला जाईल त्याचं अंगण टेपनं मोजतो आणि म्हणतो, “हं. ही जागा बरी वाटते.” झालं! दुसऱ्या दिवशी शेजारचा त्याला जेवायला बोलावतो. असा तो गावभर जेवत सुटतो. गावात कोंबडी म्हणून शिल्लक राहत नाही. शेवटी बिंग फुटतं आणि गाव त्याला भरल्या ताटावरून उठवून फरफटत वेशीबाहेर काढतं.

दिगंबर म्हणजे आमचा हीरो, तुळजापूर डेपोचा एसटी कंडक्टर. हौशी नाटकांत काम करायचा. अंगात सफारी चढवली की असा काही साहेब दिसायचा, की पहिल्या दिवशी ग्रामसेवकानंच उठून त्याला खुर्ची दिली.

गाव येरमाळ्याच्या आतल्या बाजूला. नाव लिहीत नाही, तिथली नातवंडं आता मोबाइलवर सगळं वाचतात. लोक चांगले. सगळे शॉट त्यांनी हसत-खेळत दिले. शेवटचा सीन सगळ्यांत शेवटी ठेवला, कारण त्याला माणसं भरपूर लागत होती. रोजगार हमीच्या कामाला सुट्टी बाजाराच्या दिवशी असायची आणि बाजार करून माणसं दुपारनंतर परतायची. म्हणजे आमच्या हातात ऊन उतरेपर्यंतचा वेळ. लाइट नव्हते. एका फळीवर चंदेरी कागद चिकटवला होता, त्यावरून ऊन ओसरीवर पाडायचं, एवढीच आमची यंत्रणा. दुसऱ्या दिवशी सकाळी कॅमेरा पुण्याला परत जायचा होता. आज हा सीन झाला नाही, तर फिल्मला शेवट नाही. आणि शेवट नसलेली फिल्म कपाटात ठेवायच्या लायकीची असते.

म्हणून सर घायकुतीला आले होते.

“मावशी, ताटात खोटं जेवण ठेवतो. मातीच्या भाकरी करतो.”

“मातीच्या भाकरी? माझ्या घरात? लोक काय म्हणतील?”

“बरं, दुसऱ्याच्या ओसरीवर घेऊ.”

सरांनी अंगणात नजर फिरवली. ज्याच्याकडे बघतील तो दुसरीकडे बघायला लागला. एका म्हाताऱ्यानं तर चक्क टोपी काढून झटकली आणि उठून निघून गेला.

मग सर तुकारामकडे वळले. “तुकाराम, तू तरी समजाव आईला.”

तुकाराम बाह्या सरसावून उभाच होता. तो म्हणाला, “सर, आई म्हणती म्हणून न्हाय. मघाशी तुमी तालीम घेतली न्हवं का? तवाच माझा हात फुडं जाईना. त्येचा घास हातात हाय, कसं वढायचं? तेवढं जेवू द्या त्येला. हात धुतला की आमी हायच. हाणायला आमची ना न्हाय.”

“हाणायला लई जण हायेत,” मागून कुणीतरी दिलासा दिला.

सगळे हसले. सर हसले नाहीत. “जेवण झाल्यावर धरलं तर मग राहिलं काय त्यात?” एवढं म्हणून ते तरातरा निघाले आणि अंगणाबाहेर जनावरांच्या हौदापाशी जाऊन उभे राहिले.

मी मनातून मावशींच्या बाजूचा होतो, हे कबूल करतो. आमच्या घरीही दस्तरखानावर जेवायला बसलेल्याला कुणी हाक मारत नाही. बाहेर कोणी भेटायला आलं तर अम्मी सांगायची, “खा रहे हैं, बैठो.” पण मी पडलो कॅमेरामन. माझी चिंता उजेडाची. ऊन ओसरीच्या दुसऱ्या पायरीवर आलं होतं. ते खाली अंगणात उतरलं की माझं दुकान बंद. मी सरांच्या मागे गेलो.

“सर, लिहिलेलं बदलता येतं. उजेड बदलता येत नाही. जेवण झाल्यावर धरू दे की त्यांना.”

“नाही, हमीदभाई. ताटावरूनच उठवायचा.”

“एवढं काय आहे त्यात?”

सर हौदावर वाकले. हौदात पाणी नव्हतंच, तरी त्यात बघत होते. मग म्हणाले, “माझ्या वडलांना उठवलं होतं. एका लग्नात. मी शेजारीच बसलो होतो. पंगत बसली, वाढून झालं, आणि कुणीतरी विचारलं, हे कोण? कुणातले? मग आम्हाला उठवलं. माझ्या वडलांनी हात झटकले, मला कडेवर घेतलं आणि निघाले.”

मी विडी काढून त्यांच्यापुढे धरली, ती त्यांनी घेतली नाही.

“गोष्ट लिहिताना मला पहिल्यांदा हाच सीन दिसला,” सर म्हणाले. “एकदा साहेबाला उठवायचं, सफारीतल्या, सगळ्यांदेखत. आणि लोकांनी हसायचं. बाकीची गोष्ट मी त्याच्यासाठी जुळवली. आणि हे मला सांगतात, आम्ही कुणाला ताटावरून उठवत नाही! उठवतात, हमीदभाई. मी बघितलंय.”

त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. तीन दिवस मी त्यांच्या सोबत विड्या ओढल्या होत्या, एका सतरंजीवर झोपलो होतो, आणि हे मला ठाऊक नव्हतं. मला वाईट वाटलं. रागही आला, पण तो कुणावर काढायचा ते समजेना. ती पंगत या गावची नव्हती आणि गयामावशींनी तर ताटावर बसलेल्याची बाजू घेतली होती. पण सरांचंही खरंच होतं.

तेवढ्यात अंगणातून हसण्याचा आवाज आला. आम्ही दोघांनी वळून पाहिलं.

झालं होतं असं. सकाळपासून दिगंबरला आम्ही उपाशी ठेवलं होतं. सीनमध्ये त्यानं हावऱ्यासारखं खावं, हा सरांचाच विचार. आता समोर गरम भाकरी, पिठलं, लाल ठेचा, आणि भांडण काही मिटेना. त्यानं गुपचूप खायला सुरुवात केली होती. चार गडी त्याच्या मागे तसेच उभे, बाह्या वर केलेल्या. गाव अंगणात उभं. सगळे त्याचं जेवण व्हायची वाट बघत होते.

दिगंबर नाटकातला माणूस. इतक्या नजरा अंगावर आल्यावर तो गप्प कसा बसेल? त्यानं एकदा मागे तुकारामकडे पाहिलं, एकदा ताटात पाहिलं. भाकरीचा शेवटचा तुकडा उरला होता. त्यानं त्याचे चिमणीच्या घासासारखे बारके-बारके तुकडे केले, एकेक सावकाश चावला, आणि मग दुरडीकडे बघून म्हणाला, “मावशी, अजून एक भाकरी वाढा की.”

मावशी म्हणाल्या, “वाढते की. सावकाश होऊ द्या, साहेब. कुणाला घाई हाय?”

आणि त्यांनी खरंच वाढली. तुकारामनं या पायावरचा भार त्या पायावर घेतला आणि सुस्कारा सोडला. अंगण हसून लोटपोट झालं, पण जागचं कुणी हललं नाही.

मी सरांकडे पाहिलं. सर एकटक ओसरीकडे बघत होते. मग त्यांच्या तोंडावर एक हसू आलं. आनंदाचं नव्हतं ते, पण खोटंही नव्हतं.

“बघा,” ते म्हणाले. “चोराला केवढा मान! अख्खं गाव ताटकळत उभं. हे घ्या, हमीदभाई. हे असंच्या असं घ्या. बघू दे लोकांना.”

म्हणायला सोपं. आता माझी पंचाईत सुरू झाली.

आमचा कॅमेरा चावीचा होता. जुन्या घड्याळाला देतात तशी चावी द्यायची आणि बटण दाबायचं. पूर्ण चावी दिली तरी अर्ध्या मिनिटात तो दम सोडायचा. एका रिळात मोजून पावणेतीन मिनिटं, आणि माझ्याकडे एक रीळ आणि कॅमेऱ्यात उरलेलं शेपूट, एवढाच माल. ओढाओढीचा सीन त्यात दोनदा बसला असता. धावपळ फिल्मवर पटकन उरकते. पण एक माणूस जेवतोय आणि शंभर माणसं वाट बघतायत, हे अर्ध्या मिनिटात कसं दाखवणार? वाट बघणं म्हणजे काहीच न घडणं. आणि काहीच न घडण्यावर फिल्म घालवायची, तर मुंबईत असताना माझ्या उस्तादानं मला लाथ मारली असती.

मग तुकडे पाडले. दिगंबरचा हात, भाकरी मोडताना. कट. तुकारामची मूठ, आवळलेली. कट. एका बाईनं मूल या कडेवरून त्या कडेवर घेतलं. कट. गड्यांपैकी एक जण कंटाळून खाली टेकला. पुन्हा दिगंबर, पुन्हा भाकरी. आमच्या धंद्यात कंटिन्युइटी सांभाळावी लागते. म्हणजे पहिल्या तुकड्यात भाकरी अर्धी असेल, तर पुढच्या तुकड्यात ती अख्खी होता कामा नये. इथे उलटं होतं. भाकरी दर वेळी नवी यायची होती, कारण भामटा वेळ काढत होता. त्यामुळे प्रत्येक शॉटला दिगंबरला एक नवी भाकरी खावी लागली. आणि मावशी काही पातळ भाकरी करणाऱ्यांतल्या नव्हत्या.

तिसऱ्या की चौथ्या भाकरीला दिगंबर ओठ न हलवता मला म्हणाला, “हमीदभाई, उरकवा. आता जीव जाईल.”

“तोंड वर करा,” मी म्हणालो. “उजेड छान पडलाय.”

“घ्या की साहेब,” मावशी कॅमेरा चालू असताना म्हणाल्या. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. “पोटभर जेवा. मग बगू आपण.”

ते ‘मग बगू आपण’ त्या अशा प्रेमानं म्हणाल्या, की दिगंबरला खराखुरा ठसका लागला. डोळ्यांत पाणी आलं. मावशींनी लगेच तांब्या पुढे केला आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवला. त्यांच्यामागे ते चार गडी, हात धुण्याची वाट बघणारे. ते सगळं एका फ्रेममध्ये आलं. इतकी वर्षं कॅमेरा चालवला, पण असा शॉट मला पुन्हा मिळाला नाही.

ऊन पायरीवरून खाली उतरलं. शेवटचा तुकडा: दिगंबर ताटातच हात धुतो, सफारीलाच पुसतो, उठतो. आणि गाव एक पाऊल पुढे येतं. एकच पाऊल. तेवढ्यात कॅमेऱ्यातून फडफड आवाज आला. रीळ संपलं होतं.

“मिळालं का?” सरांनी विचारलं.

“पाऊल मिळालं,” मी म्हणालो. “मारामारी नाही मिळाली.”

“राहू द्या,” सर म्हणाले.

एडिटिंग झालं, डबिंग झालं. मावशींचं वाक्य मावशींच्याच आवाजात पाहिजे, म्हणून सर टेपरेकॉर्डर घेऊन पुन्हा त्या गावी जाऊन आले. फिल्म मुंबईला एका स्पर्धेत पाठवली. बक्षीस मिळालं नाही. शेवट फार संथ आहे, भामट्याला शिक्षा होताना दिसायला हवी होती, असं परीक्षकांचं म्हणणं पडलं. दिगंबर त्यानंतर बरेच दिवस भाकरी म्हटली की तोंड फिरवायचा. येरमाळ्याच्या गाडीवर ड्यूटी लागली की बायका त्याला विचारायच्या, “काय साहेब, जेवण झालं का?”

पहिल्यांदा फिल्म दाखवली ती कॉलेजच्या हॉलमध्ये. प्रोजेक्टर मीच चालवत होतो. सरांचे वडील आले होते, परांड्याकडून, सोनारीजवळच्या त्यांच्या गावाहून. वाकलेली पाठ, पांढराशुभ्र सदरा, पहिल्या रांगेत. सरांनी त्यांना गोष्ट आधी सांगितली नव्हती. शेवटचा सीन आला, दिगंबरनं दुसरी भाकरी मागितली आणि हॉल हसायला लागला. मी प्रोजेक्टरच्या उजेडात म्हाताऱ्याकडे बघत होतो. तेही हसत होते, अगदी तोंडावर हात ठेवून.

लोक गेले. सर बाहेर मित्रांशी बोलत होते. मी रीळ उलटं गुंडाळत होतो. वडील माझ्यापाशी येऊन उभे राहिले.

“फोटूवाले, एक इचारू का?”

“विचारा की, बाबा.”

“त्या गड्याला येवढा येळ जेवू दिलं. ते आमच्या प्रभाकरनं मनानं लिवलं, का गावानं खरंच तसं केलं?”

“गावानं केलं, बाबा. सरांनी वेगळं लिहिलं होतं.”

“आसं व्हय?” ते म्हणाले. रीळ फिरत होतं, त्याच्याकडे ते बराच वेळ बघत राहिले. मग हळू म्हणाले, “बरं झालं. चार-पाच भाकरी तरी झाल्या त्येच्या. माझा तर पयलाच घास व्हता.”

मी रीळ थांबवलं. ते काठी टेकत दाराकडे गेले आणि मुलाच्या शेजारी जाऊन उभे राहिले.

त्यानंतर मी पुष्कळ शूटिंग केलं. लग्नं, सभा, कारखान्यांची उद्घाटनं, काय काय. त्या फिल्मपासून एक सवय मात्र लागली. कुठेही जाताना मी पिशवीत एक रीळ जास्तीचं टाकायचो. डायरेक्टर विचारायचे, कशाला? मी सांगायचो, धावणारी माणसं थोडक्या फिल्ममध्ये उरकतात. थांबलेल्या माणसांना जास्त लागते.